जुन्या जीप-मोटारींना दणकट मागचा एक्सल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या घरासमोर बाबांची १९६४ सालची सीजे-३बी जीप उभी असते. जुन्या गाड्या बाळगणारे तिच्यापाशी थांबतात आणि बोलणं फिरून फिरून मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची दोन्ही चाकं पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या आसावर येतं. मी पीथमपूरच्या एका गिअर कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात २२ वर्षं काम केलं. त्यामुळे कुणाचा हाफ शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या नळीत एका बाजूचं चाक फिरवणारी पोलादी सळई, तुटला की तुकडा कापडात गुंडाळून माझ्याकडे येतो. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिते आहे.

ताई, हाफ शाफ्ट तुटला. आता दणकट एक्सलच टाकून घेऊ ना?

आधी तुकडा दाखवा. तुटलेलं तोंड पुसू नका, ग्राइंडरला लावू नका, दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून बघू नका. शाफ्ट का तुटला ते त्या तोंडावर लिहिलेलं असतं.

शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार रेषा आणि एका बाजूला गुळगुळीत भाग दिसला, तर तो शाफ्ट एका दिवसात गेलेला नाही. बारीकशी चीर कित्येक महिने सरकत होती, शेवटचा थोडा भाग काय तो झटक्यात तुटला. अशा वेळी चीर सुरू कुठून झाली ते शोधायचं. बहुतेक वेळा चावीच्या (चाक शाफ्टवर अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाचेचा कोपरा, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे लांबट दाते) संपतात तिथली पायरी किंवा गंजाचा खड्डा सापडतो.

स्प्लाइनच दोरीसारख्या पिळल्या असतील तर शाफ्टला झेपण्यापलीकडचा जोर मिळाला आहे. मोठे टायर, जास्त ताकदीचं इंजिन, किंवा चाक चिखलात रुतलेलं असताना क्लच एकदम सोडणं, यातलं काहीतरी घडलेलं असतं.

आणि तोंड तिरकं, ४५ अंशांत जिन्यासारखं वळत गेलं असेल तर पोलाद जास्त कडक, म्हणजे ठिसूळ होतं. खडू दोन्ही टोकांना धरून पिळून बघा, तो असाच तुटतो. कारखान्यात नव्या आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी खडूच पिळायला द्यायचे.

या तिन्हींपैकी फक्त दुसऱ्या कारणावर दणकट एक्सल हा खरा उपाय आहे. पहिल्यात आणि तिसऱ्यात नीट बनवलेला मूळ मापाचा शाफ्ट पुरतो. कारण न बघता एक्सल बदलला तर तोच दोष पुढे क्रॉसमध्ये (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यात), क्राउन-पिनियनमध्ये (एक्सलच्या मधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीत) किंवा गिअरबॉक्समध्ये निघतो.

सेमी-फ्लोटिंग, थ्री-क्वार्टर, फुल-फ्लोटिंग. फरक काय?

चाकावर येणारं गाडीचं वजन कोण उचलतं, एवढाच फरक.

सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, दोन बेअरिंगांवर एक्सलच्या नळीवरच फिरतं, शाफ्टच्या वाट्याला फक्त पीळ येतो. शाफ्ट बाहेर ओढून काढला तरी चाक जागेवर राहतं. ट्रकचे एक्सल असेच असतात. थ्री-क्वार्टर या दोघांच्या मधला: हब नळीवरच्या एका बेअरिंगवर असतं आणि वळणावरचा बाजूचा जोर शाफ्टकडे जातो.

सीजे-३बीचा मागचा एक्सल डाना ४४ (डाना कंपनीच्या एका एक्सलचं नाव) जातीचा, सेमी-फ्लोटिंग. शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं, त्यावर चावीनं बसवलेलं हब आणि मोठा नट. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीचा मागचा एक्सल मात्र फुल-फ्लोटिंग आहे. म्हणून तो काढून नंतरचा डाना ४४ लावणाऱ्यांना मी थांबवते. क्राउन-पिनियन मोठं मिळतं हे खरं, पण चाक धरून ठेवणारी चांगली रचना हातची जाते. जुनी अँबेसिडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, तिच्यात थ्री-क्वार्टर फ्लोटिंग.

शाफ्ट तुटला तर गाडी नुसती थांबेल ना? इतकं घाबरण्यासारखं काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच घाईत देत नाही.

मी १९ वर्षांची होते. ओंकारेश्वरहून परत येताना सिमरोलच्या घाटात, चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये मागून बंदुकीसारखा आवाज आला. इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि जीप मागे सरकू लागली. बाबांनी हँडब्रेक खेचला. काहीही झालं नाही. आईच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला होता. बाबांनी पायाचा ब्रेक दाबून धरला आणि मला म्हणाले, "उतर, दगड लाव." मी दोन्ही हातांनी दगड उचलून चाकामागे ढकलला. तो दगड किती जड होता ते अजून हातांना आठवतं.

हँडब्रेक का लागला नाही? या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो. पण एका बाजूचा हाफ शाफ्ट तुटला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच) त्या बाजूला मोकळं फिरतं आणि धरलेल्या प्रोपेलरचा चाकांना काही उपयोग राहत नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवणंही त्याच कारणानं फुकट. चाकांच्या ड्रमवर हँडब्रेक असलेल्या मोटारींत निदान तो तरी हाताशी उरतो.

बाबांनी मग फोर-व्हील लावलं. पुढचा एक्सल जोडला गेला, हँडब्रेकही त्यामार्फत धरू लागला, आणि आम्ही पुढच्या चाकांच्या जोरावर हळूहळू घरी पोचलो. तुमच्या जिपेला फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) लावलेले असतील तर घाटाआधीच ते लॉक करून ठेवा.

आमचा शाफ्ट आतल्या टोकाला तुटला होता, म्हणून चाक जागेवर राहिलं. सेमी-फ्लोटिंगमध्ये तो बाहेरच्या टोकाला, चावीपाशी तुटला तर चाक ड्रमसकट निघून जातं. ड्रम गेला की ब्रेक शू धरायला काही उरत नाही, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात, तेल सांडतं. जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच, त्यामुळे चारही चाकांचा ब्रेक जातो. फुल-फ्लोटिंग एक्सलसाठी मी आग्रह धरते तो यासाठी.

जाडी किती वाढली की फरक पडतो?

वाटतं त्यापेक्षा थोडी. पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २८ मिमीचा शाफ्ट ३२ मिमीचा केला तर व्यास १४ टक्क्यांनीच वाढतो, पण ताकद जवळजवळ दीडपट होते.

मात्र जाडी मोजायची ती सर्वांत बारीक जागी. मधे ३५ मिमी आणि स्प्लाइनच्या तळाशी २७ मिमी असेल तर तुमचा शाफ्ट २७चाच. डाना ४४ जातीत १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे शाफ्ट आढळतात. जास्त स्प्लाइनचा घ्यायचा तर डिफरन्शियलमधले साइड गिअरही त्याच मापाचे लागतात.

माझ्या शाफ्टवर नेमका जोर येतो किती?

गुणाकार करून बघा. जुन्या विलीस जीपच्या गो-डेव्हिल इंजिनाचा टॉर्क १०५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १४२ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८, मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे किती फेरे) ५.३८. गुणल्यावर मागच्या एक्सलवर साधारण २,१४० न्यूटन-मीटर येतात, साधं डिफरन्शियल ते दोन शाफ्टांत सारखे वाटतं, म्हणजे प्रत्येकी १,०७०. क्लच झटक्यानं सोडला की क्षणभर याहून बराच जास्त.

टायर मोठे केले की रस्ता चाकाला उलट पिळतो तो दांडा, म्हणजे चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर, लांब होतो. ६.००-१६ चा टायर साधारण ७२ सेंमी उंच. तिथे ३१ इंची लावला तर दांडा ९ टक्क्यांनी वाढतो, वर रुंद टायरची पकड. टायर बदलून शाफ्टला दोष देणारे मला दर महिन्याला भेटतात.

ऑफ-रोडिंगसाठी डिफ वेल्ड करून घेतलं तर?

नका करू. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखा जोर देतं. ते जाम केलं की एक चाक हवेत असताना सगळेच्या सगळे २,१४० न्यूटन-मीटर दुसऱ्या शाफ्टवर जातात, म्हणजे दुप्पट. शिवाय डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला आतलं आणि बाहेरचं चाक एकमेकांशी भांडतात आणि शाफ्ट पिळला जातो. छावणीतून पलासियापर्यंत जाताना किती वळणं येतात, मोजा.

इथेच लेथवर शाफ्ट बनवून मिळतो. तो चालेल?

चालेल, पण तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघितल्यात तरच.

पोलाद कोणतं? लोहा मंडीत ईएन ८, ईएन १९, ईएन २४ अशी नावं ऐकू येतील. ईएन ८ हे साधं कार्बन पोलाद, ते एक्सलसाठी नको. ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम असतं, ईएन २४ मध्ये त्याच्या जोडीला निकेल. मी ईएन २४ घ्यायला सांगते. टेस्ट सर्टिफिकेट मागा. ट्रकचा जुना शाफ्ट खरादून बनवलेला घेऊ नका. तो आधीच किती थकलाय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि वरचा कडक केलेला थर खरादताना निघून जातो.

हीट ट्रीटमेंट झाली का? चांगलं पोलाद हार्डनिंग-टेम्परिंगशिवाय (तापवून झटकन थंड करणं, मग पुन्हा हलकं तापवणं) वापरणं म्हणजे पीठ मळून पोळी न भाजता वाढणं. सांवेर रोडला हे काम होतं. नुसतं हार्डनिंग करून टेम्परिंग टाळलं तर वर सांगितलेला खडू तयार होतो. परत आल्यावर शाफ्ट सरळ आहे का, तेही सेंटरवर फिरवून बघा, कारण पाणी देताना लांब शाफ्ट वाकतात.

कोपरे गोल आहेत का? जिथे जाडी बदलते तिथे नखानं चाचपा. नख अडकलं तर परत करा. आमच्या सिमरोलच्या शाफ्टला स्प्लाइन संपतात तिथे काटकोनी पायरी होती. तो लेथवरच बनवलेला होता, दिसायला आरशासारखा चकचकीत. बाबांनी तो तुकडा ठेवून दिला होता. कारखान्यात लागल्यानंतर मी तो पुन्हा बघितला, तेव्हा कुठे त्या पायरीपासून निघालेल्या शिंपल्याच्या रेषा मला वाचता आल्या.

दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल आणायचा तर काय काय मोजू?

भंगार बाजारात जाताना टेप, कॅलिपर, वही आणि अंश दाखवणारा कोनमापक न्या. ड्रमच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंतचं अंतर. दोन्ही पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) बैठकांच्या मधोमधचं अंतर. नळीचा व्यास, कारण यू-बोल्ट त्यावर ठरतात. चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, जीपचं ५ बोल्टांचं आणि साडेपाच इंची. जुन्या जिपांना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते सरळ समजून जोर लावलात तर स्टड तुटेल.

आणि पिनियन कुठे आहे ते नक्की बघा. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागचा प्रोपेलर उजव्या अंगानं निघतो, म्हणून मागचं डिफरन्शियलही उजवीकडे सरकवलेलं असतं. पिनियन मधोमध असलेला एक्सल आणलात तर प्रोपेलर तिरका चालेल आणि क्रॉस लवकर जातील.

पिनियनचा उभा कोनही जुळला पाहिजे. साध्या दोन क्रॉसच्या प्रोपेलरमध्ये ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियन एकमेकांना समांतर असावे लागतात. तसे नसतील तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते, लोक त्याला टायरचा आवाज समजतात आणि टायर बदलत बसतात.

माझी गाडी जीप नाही. फोर्ड मॉडेल ए आहे. हेच सगळं लागू पडतं का?

नाही. गाडीखाली वाकून प्रोपेलर बघा. तो उघडा फिरताना दिसला तर बहुधा चाकांचा ढकलण्याचा जोर पाटेच पेलतात, आणि एक्सल बदलणं मुख्यतः मापांचं काम आहे. प्रोपेलर जाड नळीत बंद असेल तर ती टॉर्क ट्यूब. फोर्डनं ती १९४८ पर्यंत, शेव्हरोलेनं १९५४ पर्यंत वापरली. अशा गाडीत तीच नळी गाडी पुढे ढकलते आणि एक्सलला उलटं फिरण्यापासून अडवते. मॉडेल एचा मागचा आडवा पाटा फक्त वजन उचलतो. तिथे उघड्या प्रोपेलरचा एक्सल नुसता टांगला तर पहिल्याच ब्रेकला तो गाडीखाली फिरू बघेल. नवे रॉड, नव्या बैठका, चेसिसला नवे ब्रॅकेट, हे सगळं आलं. म्हणून टॉर्क ट्यूबच्या गाड्यांना माझा सल्ला एकच: मूळ एक्सल ठेवा, त्यात नवे शाफ्ट, नवे बेअरिंग, नवी सीलं घाला. 

एक्सलबरोबर रेशोही बदलू का? हायवेला जीप फार ओरडते.

५.३८ म्हणजे पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दाते. ४.८८ म्हणजे ८ आणि ३९. ४.२७ म्हणजे ११ आणि ४७. विकणारा काहीही सांगो, दाते मोजा.

६.००-१६ टायरवर, टॉप गिअरमध्ये, इंजिन २,५०० फेऱ्यांवर असताना ५.३८ ला साधारण ६१, ४.८८ ला ६८ आणि ४.२७ ला ७७ किलोमीटरचा वेग मिळतो. मोह होतो. पण ४.२७ ला चाकावरचा जोर पाचव्या भागानं कमी होतो आणि मानपूरच्या घाटात तुम्ही खालच्याच गिअरमध्ये अडकता. आपल्याकडे रस्ता माळव्याच्या सपाटीवरून निमाडात उतरतो आणि परत चढतो. मी ५.३८ च ठेवलाय. फारच वाटलं तर ४.८८ पर्यंत जा.

फोर-व्हील असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, यात तडजोड नाही. ते वेगळे असतील आणि फोर-व्हील लावलं तर दोन्ही एक्सल एकमेकांना पिळतात आणि जे सर्वांत कमजोर ते तुटतं.

हब निघत नाही. घण घालू?

नको. पुलर लावा, आणि मोठा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे धरून ठेवा. निमुळत्या टोकावर वर्षानुवर्षं बसलेलं हब सुटतं तेव्हा तोफगोळ्यासारखं सुटतं. घणाचे दणके आतल्या बेअरिंगांना आणि मधल्या थ्रस्ट ब्लॉकला बसतात. परत बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, मग कॉटर पिन. नट ढिला राहिला की सगळा जोर चावीवर येतो आणि चीर तिथूनच निघते.

बैठका नव्यानं वेल्ड कराव्या लागतील. सोसायटीच्या मागे वेल्डर आहे.

नळीवर एका बाजूनं सलग वेल्ड मारला तर ती केळ्यासारखी वाकते. मग शाफ्ट, सील, बेअरिंग सगळं सतत ताणाखाली फिरतं. छोटे टाके, आलटूनपालटून समोरासमोर, मधे थंड होऊ देऊन. आधी सीलं आणि शाफ्ट काढा. अर्थची पकड नळीवरच लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये. मधल्या ओतीव घराला प्रीहीटशिवाय कुणाला वेल्ड करू देऊ नका. गाडीच्या चेसिसला तर हातच लावू नका.

आरटीओचं काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली खासगी गाडी त्यात बसते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. मात्र गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठी चालते. साध्या नोंदणीच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहेच: नोंदणीपत्रातला तपशील आणि मूळ बनावट यांच्याशी विसंगत बदल करता येत नाही. त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातला, कुठेही न कापता बोल्टांवर बसणारा एक्सल निवडा, बिलं जपा, आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

बसवून झालं. लगेच ओंकारेश्वरला जाऊ का?

आधी तेल. हायपॉइड क्राउन-पिनियनला ईपी ९० गिअर ऑइलच हवं, साधं तेल दातांमधल्या घसटीला टिकत नाही. दातांना रंग लावून फिरवा आणि ठसा मधोमध उमटतोय का बघा. मग सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरला २५ किलोमीटर, हलक्या पायानं. परत आल्यावर दोन्ही हबना आणि पिनियनच्या नाकाला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे. पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. ८०० किलोमीटरला तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या कापडावर ओतून चमक बघा. घाट त्यानंतर.

काढलेला मूळ एक्सल भंगारात देऊ?

कृपा करून देऊ नका. डिफरन्शियलमध्ये तेल भरा, ब्रीदर (हवेचं भोक) आणि पिनियनचं तोंड बंद करा, ड्रमच्या आत ग्रीसचा हात फिरवा, लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पिनियन हातानं दहा फेरे फिरवा. जुने यू-बोल्ट, शिम आणि नट त्यालाच पिशवीत बांधा.

आमचा जिन्याखाली आहे. नंतरच्या काळातल्या जीपचा, जास्त स्प्लाइनच्या शाफ्टचा एक्सल मी बसवला त्या दिवशी बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. जुन्याच्या नळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली. मे महिन्यात मी तो फिरवते तेव्हा रंग उडालाय का तेवढं बघते, आणि उडाला असेल तर त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवते.